गडग्यांच्या मुलखात

कोकणातल्या माणसाला गडगा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चुन्यामातीवाचून धोंड्यावर धोंडा बसवून रचलेली, आगराची हद्द सांगणारी, पावसाळ्यात शेवाळ धरणारी आणि दर उन्हाळ्यात कोठे ना कोठे ढासळते म्हणून पुन्हा रचावी लागणारी ती भिंत त्याच्या बाळपणाचाच एक भाग असते. आणि म्हणूनच, आयर्लंडच्या पश्चिमेस गॉलवे परगण्यात भाच्याच्या मोटारीतून अ‍ॅथनरायच्या रस्त्याला लागल्यावर, दोन्ही अंगांना दृष्टी पोचेल तेथवर गडगेच गडगे पसरलेले पाहिले तेव्हा आपण परदेशात आहो ही जाणीव क्षणभर माझ्या मनातून साफ नाहीशी झाली. धोंडा मात्र निराळा. आपला जांभा तांबडा आणि सच्छिद्र. इथला चुनखडीचा, राखेच्या रंगाचा, पावसाने ओला झाला म्हणजे निळसर दिसणारा. या गडग्यांनी वेढलेली शेते इतकी लहान की काहींत चार गाई उभ्या राहिल्या तर पाचवीला फिरायला जागा उरू नये. हा सारा मुलूख घोड्यावरून, एकामागून एक गडगे ओलांडीत, खोकडाच्या मागे धावणाऱ्या कुत्र्यांना गाठीत पार करायचा, हा येथला दोनशे वर्षांचा हिवाळी परिपाठ आहे, आणि तो पाहण्यासाठीच आम्ही निघालो होतो. घरी भाचेसुनेने हौसेने मांडलेले नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान होऊन दोनच दिवस झाले होते. योगायोग असा की आपली दिवाळी आणि यांच्या हंगामाचा प्रारंभ बहुधा एकाच सुमारास येतात. हंगाम तेव्हापासून मार्चपर्यंत, म्हणजे पिके निघून गेल्यापासून नव्या पेरणीची व वासरे-कोकरे जन्मण्याची घाई सुरू होईपर्यंत.

खोकड हा शब्द मी हेतुपुरस्सर योजला आहे. या शिकारीला आपल्याकडे कोल्ह्याची शिकार म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो चुकीचा आहे. आपला कोल्हा हा निराळा प्राणी, आणि इंग्रज ज्याला फॉक्स म्हणतात तो आपल्या माळरानावरच्या खोकडाचा थोरला, तांबड्या लोकरीचा भाऊबंद. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या अंमलदारांना मनाजोगता फॉक्स मिळेना म्हणून त्यांनी उटीच्या कुरणांवर कोल्ह्याच्या मागे कुत्री सोडली, तेव्हापासून ही शब्दांची सरमिसळ झाली असावी. आयरिश भाषेत खोकडाला ‘मद्रा रुआ’ म्हणतात. तांबडा कुत्रा, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या दिवशी त्या तांबड्या कुत्र्याच्या मागे लागायला क्रॉकवेलजवळच्या एका चव्हाट्यावर बदामी-काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची साधारण पस्तीस कुत्री शेपट्या हालवीत उभी होती. त्यांची मोजदाद नगावर होत नाही, जोडीवर होते. साडेसतरा जोड्या, असे म्हणतात.

गॉलवेच्या या शिकारी मंडळाला सारे जग ‘गॉलवे ब्लेझर्स’ या नावाने ओळखते. हे नाव कसे पडले याची कथा अशी सांगतात की १८०९ साली ही मंडळी शेजारच्या परगण्यातल्या दुसऱ्या एका शिकारी मंडळाच्या पाहुणचाराला बर गावी गेली असता रात्रीच्या मेजवानीचा रंग असा काही चढला की ज्या डूलीच्या हॉटेलात ती उतरली होती त्यालाच आग लागली, आणि आग लावणारे म्हणून ते नाव चिकटले ते कायमचे. पुढे १८५२ पासून १८८५ पर्यंत, तब्बल तेहतीस वर्षे, बर्टन पर्स या जमीनदाराने या मंडळाचे मास्टरपद सांभाळले. अ‍ॅथनरायजवळचा मॉयोडचा वाडा या पर्सांचा. याच विस्तीर्ण घराण्याच्या रॉक्सबरो शाखेत १८५२ साली जन्मलेली कन्या म्हणजे डब्लिनचे अ‍ॅबी थिएटर उभारणाऱ्यांपैकी एक, कवी येट्सची सहकारी लेडी ग्रेगरी. मॉयोडच्या वाड्याच्या नशिबी १९१६ च्या ईस्टरमध्ये लियम मेलोज आणि त्याच्या हत्यारबंद क्रांतिकारकांचा मुक्कामही आला. ज्या अंगणात शिकारीची शिंगे वाजली तेथेच प्रजासत्ताकाचे सैनिक निजले. हे सर्व मी चव्हाट्यावर उभा राहून आठवीत होतो, कारण घोडे जमत होते आणि प्रत्येक घोड्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ थंडीत तशीच लोंबकळत होती.

आम्हांस घोड्यावर बसायचे नव्हते. भाच्याने इस्पितळातल्या एका परिचारिकेच्या चुलत्याशी आमची गाठ घालून दिली होती, आणि तो वृद्ध गृहस्थ, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात विटका कोट, आपल्या लहानशा मालमोटारीत एक लोखंडी पहार आणि दोन हातोडे टाकून आमची वाट पाहत होता. शिकारीच्या मंडळाने पाडलेले गडगे पुन्हा उभे करण्याचे काम त्याच्याकडे. हा हुद्दा मला फार थोर वाटला. तांबडे डगले घातलेला मास्टर, शिंग फुंकून कुत्र्यांशी बोलणारा हंट्समन, चुकार कुत्र्यांना वळवणारे व्हिप, स्वारांच्या घोळक्याला आवरून धरणारा फील्डमास्टर, यांची वर्णने पुस्तकांतून मिळतात. पण या सर्वांच्या मागे संध्याकाळी पहार घेऊन फिरणारा माणूस जर नसेल तर दुसऱ्या खेपेस यांना कोणी शेताच्या आत पाऊल टाकू देईल काय?

“मामा, तुम्ही पुढे बसा, दिसेल नीट,” भाचा म्हणाला, आणि आम्ही अरुंद गल्ल्यांतून निघालो.

शिकारीची रीत थोडक्यात अशी. खोकड रात्री चरायला बाहेर पडतो तेव्हा त्याची बिळे बुजवून ठेवतात, म्हणजे सकाळी त्याला जमिनीवरच्या झाडीतच दडून बसणे भाग पडते. ती झाडी बहुधा फर्झची असते. बाराही महिने कोठे ना कोठे पिवळ्या फुलांनी पेटलेले, बोराटीसारखे काटेरी झुडूप. हंट्समन त्यात कुत्री सोडतो. वास लागला की एक कुत्रा भुंकतो, दुसरा त्याला दुजोरा देतो, मग सारा ताफा एकदम कंठ फोडतो, आणि खोकड दुसऱ्या टोकाने निसटला की तेथे पहाऱ्यावर असलेला माणूस टोपी उंचावून आरोळी देतो. त्यानंतर सारे अवलंबून वासावर. जमीन हवेहून किंचित उबदार असली, ओल असून वारा नसला तर वास जमिनीशी टिकून राहतो. ऊन पडले, मेंढरे आडवी गेली, कोणी खत टाकलेले असले की तो तुटतो, कुत्री गोंधळतात, आणि हंट्समन त्यांना अर्धवर्तुळात फिरवून माग पुन्हा जुळवतो. कुत्री नाकाने धावतात, डोळ्यांनी नव्हे, ही गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती असे नाही, पण समोर खोकड धडधडीत दिसत असताना ताफा मान खाली घालून त्याच्या वळणावळणाच्या वाटेचा एकेक फेर प्रामाणिकपणे पुरा करतो हे पाहिल्यावरच ती खरी कळली.

पण मला सांगायचे आहे ते गडग्याविषयी. आमच्या गल्लीपासून वीस पावलांवर एक गडगा होता, माझ्या छातीइतका उंच. एकेरी, म्हणजे एकाच धोंड्याच्या जाडीचा. पलीकडचा उजेड त्याच्या फटींतून दिसत होता. म्हाताऱ्याने सांगितले की या फटी मुद्दाम ठेवतात: समुद्रावरचा वारा त्यांतून निघून जातो म्हणून भिंत टिकते, आणि डळमळीत दिसते म्हणून मेंढरू तिच्यावर पाय ठेवायला धजत नाही. या भिंतीकडे पहिला स्वार आला तो भरधाव नव्हे. त्याने लगाम आखडून आपला कुमैत घोडा जवळजवळ दुडक्या चालीवर आणला, रिकिबीतला पाय घट्ट केला, आणि शेवटच्या तीन पावलांचा निर्णय पूर्णपणे जनावरावर सोपवला. घोड्याने कान टवकारले, मागचे दोन्ही पाय पोटाखाली ओढून घेतले, आणि तो सगळा सहाशे किलोंचा देह स्प्रिंगेसारखा जागच्या जागी वर उचलला गेला. आवाज असा काहीच झाला नाही. फक्त मागच्या खुराची नाल माथ्याच्या दगडाला टणकन लागली, दगड क्षणभर कलला, आणि घोडा पलीकडे उतरून दहा पावले गेल्यावर मग सावकाश खाली पडला. दुसऱ्या घोड्याने दोन दगड नेले, तिसऱ्याने चार. दहावा घोडा आला तोवर गडग्यात गुडघाभर उंचीची खिंड पडली होती आणि मागची पोरेठोरे आपली लहान तट्टे घेऊन तीतून हसतखेळत पलीकडे गेली. पहिल्या स्वाराचे श्रेय किती आणि शेवटच्याचे किती, हे येथे दगड मोजून सांगता येते.

पलीकडे उतरण्याची जागा हीच खरी धास्ती. घोड्याला अलीकडून ती दिसत नाही. गवताखाली चुनखडीची फरशी असू शकते, जमीन अलीकडच्यापेक्षा दोन हात खोल असू शकते, गवतात आणखी एक पडका गडगा दडलेला असू शकतो; आणि शेते एवढी लहान की तेथे सावरून जेमतेम वीस ढांगा टाकल्या की पुढचा गडगा हजर. म्हणून गॉलवेत वेगाला किंमत नाही, तोल आणि समज यांना आहे. मीद परगण्यात याच्या नेमके उलट: तेथे विस्तीर्ण गवताळ कुरणे आणि त्यांच्या कडेने एखादा घोडा स्वारासह गडप होईल असे पाण्याचे रुंद-खोल चर, ते वेगावाचून ओलांडताच येत नाहीत. आणि दक्षिणेस, कॉर्क, लिमरिक, टिपररी या भागांत, मातीचे बांध: पुरुषभर, कधी त्याहून उंच, माथ्यावर झुडपे आणि पायथ्याशी एका वा दोन्ही बाजूंना चर. असा बांध एका उडीत ओलांडणे कोणत्याही घोड्याला अशक्य. तो मांजरासारखा आधी माथ्यावर चढतो, तेथे एका निमिषात पाय बदलतो, खाली काय आहे ते पाहतो आणि मग पलीकडे झेप टाकतो. गंमत अशी की इंग्रजीत ज्या शब्दाने चर दाखवतात तोच शब्द आयर्लंडात बांधाला लावतात. चर खणताना निघालेल्या मातीचाच बांध होतो, तेव्हा इंग्रजांनी खड्डा पाहिला आणि आयरिशांनी ढीग पाहिला, एवढाच फरक. याच कॉर्कच्या बांधांवरून १७५२ साली ओकॅलहन आणि ब्लेक या दोघा शेजाऱ्यांनी बटेव्हंटच्या देवळापासून डोनरेलच्या देवळाच्या मनोऱ्यापर्यंत सुमारे साडेचार मैलांची पैज लावली, आणि देवळाचा मनोरा डोळ्यांपुढे धरून धावण्याच्या या खेळातून स्टीपलचेस नावाची शर्यत जन्मली. त्याच परगण्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कासलटाउनशेंड गावी, लेखिका ईडिथ सॉमरव्हिल राहत होती. १९०३ साली ती वेस्ट कारबरी मंडळाची मास्टर झाली, आणि एकाच बाजूला दोन्ही पाय टाकून बसायच्या बायकी खोगिरावरून तिने ते बांध चढून दाखवले.

असा मुलूख असला म्हणजे तसा घोडा घडतो. आयरिश ड्राफ्ट जातीचे जनावर पूर्वी आठवडाभर नांगराला, रविवारी कुटुंबासह चर्चला जाणाऱ्या गाडीला, आणि हिवाळ्यात शिकारीला जुंपले जाई. रुंद छाती, मजबूत हाड, आणि डोके थंड. त्याचा थरोब्रेडशी संकर करून निघालेल्या हंटर घोड्याला युरोपातल्या लष्करांकडून मागणी असे, आणि डब्लिनच्या रॉयल सोसायटीच्या अश्वप्रदर्शनात तो पाहायला देशोदेशींचे लोक येत. या प्रदर्शनातल्या राष्ट्रसंघांच्या उड्यांच्या स्पर्धेचा चषक १९२६ साली दिला तो तिसऱ्या आगाखानांनी; पुण्यात येरवड्याच्या वाटेवर ज्यांचा वाडा आपण सर्वांनी पाहिला आहे, जेथे गांधीजी कैदेत होते आणि कस्तुरबांनी देह ठेवला, तेच हे आगाखान. त्यांच्या नावाचा तो चषक आजही डब्लिनमध्ये लढवला जातो.

आता त्या गडग्यांच्या मालकीकडे वळले पाहिजे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. हे गडगे स्वारांनी बांधलेले नाहीत. शेतातले दगड वेचून कडेला लावल्याशिवाय बटाटा लावता येत नव्हता म्हणून कुळांनी ते रचले. आणि १८४५ नंतरच्या दुष्काळात, बटाट्यावर रोग पडून सुमारे दहा लाख माणसे मेली व तितकीच देशोधडीला लागली तेव्हा, दुष्काळी कामांवर शेरभर पिठाच्या मजुरीने रचलेल्याही भिंती या बाजूला पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना अधिक सांगणे नलगे. जमीन पर्सांसारख्या सरदारांची, कसणारा कूळ, खंड थकला की बेदखल. कोकणात खोत आणि कूळ यांचे जे नाते होते ते ज्याच्या घराण्याने भोगले आहे, आणि माझ्या घराण्याने ते कुळाच्या बाजूने भोगले आहे, त्याला गॉलवेचा इतिहास परका वाटत नाही. आणि तरीही शेतकऱ्याचे शिकारीशी मुळात वैर नव्हते. त्याचा ओट, त्याचे शिंगरू मंडळाला विकले जाई, आणि चार पैसे गाठी असलेला शेतकरी स्वतःही घोड्यावर चढून सरदाराच्या बरोबरीने धावे.

वैर उघड झाले ते १८८१ च्या हिवाळ्यात. आदल्याच वर्षी शेजारच्या मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी साऱ्या पंचक्रोशीने व्यवहार तोडले होते आणि जगाला एक नवा शब्द मिळाला होता. तोच शब्द पुढे आपल्या पुण्यात चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ होऊन बसला. ऑक्टोबरात कुळांच्या भूमिसंघाचा पुढारी पार्नेल आणि त्याचे सहकारी तुरुंगात पडले, आणि आयर्लंडभर कुळांनी एक साधा निर्णय घेतला: आमचे लोक सुटेपर्यंत आमच्या शेतांतून शिकार जाणार नाही. फर्झच्या राईभोवती काठ्या आणि दाताळी घेऊन शेकडो माणसे उभी राहू लागली. कोठे कुत्र्यांसाठी विषाचे तुकडे टाकले गेले. एकामागून एक मंडळांनी हंगाम आवरता घेतला. ज्या गडग्यावरून सरदाराचा घोडा दोन पिढ्या जात आला तो गडगा रचणाऱ्याने नुसता आपल्या बाजूला उभा राहून अडवला, आणि घोडा गेला नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८७९ मध्ये, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ मीद परगण्यात शिकारीला आली असता हरिणाचा माग काढीत मेनूथच्या धर्मगुरूंच्या महाविद्यालयाच्या भिंतीआत जाऊन थडकली होती आणि तेथे तिचे आदराने स्वागत झाले होते. सम्राज्ञीला जी वाट मिळाली ती स्थानिक मास्टरांना दोन वर्षांत मिळेनाशी झाली. १९०३ च्या विंडम कायद्याने कुळांना सरकारी कर्जाने जमिनी विकत घेता येऊ लागल्या. आपला कुळकायदा १९४८ चा, खोती नष्ट करणारा १९४९ चा. विंडम कायद्यापासून आयर्लंडातली शिकार ज्यावर चालते ती सनद नव्हे, हक्क नव्हे. प्रत्येक शेतकऱ्याची तोंडी परवानगी. कोणी नको म्हटले की त्याचे शेत वगळून जायचे.

इतिहासाने शिकारीच्या शब्दांशी केलेले क्रूर वर्तन एका उदाहरणाने सांगतो. लिमरिक-टिपररीच्या सीमेवर स्कार्टीनच्या रायन घराण्याने तीनशेहून अधिक वर्षे काळ्या-पिंगट केरी बीगल कुत्र्यांचा ताफा पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. हे घराणे कॅथलिक, त्याच मातीतले. त्यांच्या कुत्र्यांना रंगावरून ‘ब्लॅक अँड टॅन्स’ म्हणत. १९२० साली ब्रिटिश सरकारने आयरिश स्वातंत्र्ययुद्ध दडपण्यासाठी भरती केलेल्या पोलिसांना पुरेसे गणवेश नव्हते, म्हणून निम्मा खाकी आणि निम्मा काळपट हिरवा असा पोशाख चढवून ते तेथे उतरले, आणि लोकांनी त्यांना त्या कुत्र्यांचे नाव दिले. पुढे त्या पोलिसांनी गावे जाळली. आजही आयर्लंडात ते नाव उच्चारले की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. निष्पाप जनावरांचे नाव असे मलिन व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुपारी दोनच्या सुमारास कुत्र्यांचा आवाज दूर लॉक्रेच्या दिशेला गेला आणि आम्ही तिघे एका वळणावर थर्मासमधला चहा पीत थांबलो. तेव्हा तो दिसला. पलीकडच्या शेतातून, न धावता, तांबडा, शेपटीच्या टोकाला पांढरा, पाय चिखलाने काळे झालेले; गडग्यापाशी आला, टुणकन माथ्यावर चढला, आणि दगडांवरूनच मांजरासारखा पन्नास पावले चालत गेला. दगडावर वास टिकत नाही, हे त्याला कोणी शिकवले? मग थांबून त्याने आमच्याकडे पाहिले. जीभ बाहेर होती. रीतीप्रमाणे म्हाताऱ्याने टोपी उंचावून आरोळी द्यायला हवी होती. जन्मभर शिकारीच्या मागे फिरलेला माणूस तो. त्याने कप गुडघ्यावर धरला आणि काही बोलला नाही. खोकड फर्झमध्ये शिरल्यावर पाच मिनिटांनी कुत्री गडग्यापाशी आली आणि तेथे घोटाळली.

“ओरडला नाहीत?” मी विचारले.

“आज लांबचा पल्ला झाला त्याचा,” एवढेच तो म्हणाला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने ही शिकार बंद झाली, स्कॉटलंडमध्ये त्याआधी २००२ साली; आयर्लंडने २०१० साली कुत्र्यांच्या ताफ्याने हरिणाचा पाठलाग करण्यास मनाई केली, पण खोकडाला ते संरक्षण दिले नाही. कोकरे खोकड नेतो हे मेंढपाळाचे म्हणणे खरे आहे, आणि तासन्‌तास थकवून कुत्र्यांकडून फाडवणे हा त्यावरचा उपाय असू शकत नाही हे विरोधकांचे म्हणणेही मला तितकेच खरे वाटते. आधी ओढून नेलेल्या कृत्रिम वासावर कुत्री सोडण्याची रीत आयर्लंडातही आहे. तीत घोडा तोच, गडगा तोच, पडण्याची धास्ती तीच. फक्त त्या गडग्यावर थांबून मागे पाहणारे जनावर नसते. मला विचाराल तर साऱ्या मुलखाने ती पत्करावी. म्हाताऱ्याला हे सांगितले तेव्हा त्याने वाद घातला नाही. कुत्र्यांना मात्र फसवल्यासारखे होते, असे तो विचार करून म्हणाला.

पाचाच्या आधीच अंधारू लागले. घोडे वाफाळत, लंगडत, चिखलाने एकरंगी होऊन गाड्यांत चढले, आणि आम्ही सकाळच्या त्या पहिल्या गडग्यापाशी परत आलो. शेताचा मालक फाटकाशी उभा होता. दोघे हवेविषयी बोलले, कोणाच्या तरी गाईविषयी बोलले, खिंडीविषयी एक अक्षर नाही. मग म्हाताऱ्याने पडलेले दगड गवतातून निवडून आकाराप्रमाणे मांडले, तळाचे दोन पहारेने सरळ केले, आणि रचायला सुरुवात केली. प्रत्येक दगड हातात फिरवून त्याचे तोंड शोधी, आडवा नव्हे, कडेवर बसवी, आणि तळव्याने एकदाच दाबून पाही. मी न विचारता एक उचलला. लहानपणी आजोबांच्या हाताखाली जांभ्याचे जसे बसवीत असे तसा, खालच्या दोघांच्या सांध्यावर तो ठेवला. त्याने त्यावर तळवा टेकून जोर दिला. दगड हलला नाही. तेव्हा त्याने पहार खांद्यावर घेतली, विजेरी माझ्या हाती दिली, आणि आम्ही ओल्या गवतातून पुढच्या खिंडीकडे निघालो.